त्याच मठात, त्याच माणसांसोबत: बेनेडिक्टीन जीवनाविषयी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नोकरी करता करता बेनेडिक्टीन संघाविषयी, म्हणजे मठात राहणाऱ्या कॅथलिक संन्यस्तांच्या संघाविषयी, बरंच वाचलं, मनाने ओढ घेतली आहे, पण आपण माणसांना कंटाळून पळ तर काढत नाही ना, अशी शंका येते. या संघाची साधना नेमकी कशी असते, दिवस कसा जातो, आणि मठात न जाता घरी राहून ती जगता येते का, हेही तुम्हाला हवं आहे. मी स्वतः बेनेडिक्टीन आहे. नवशिष्यांना घडवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच उलगडतं. माणसांपासून सुटका हवी असेल तर बेनेडिक्टीन मठ ही अगदी चुकीची जागा आहे. ज्यांच्या नावाने आमचा संघ ओळखला जातो त्या संत बेनेडिक्ट यांच्या ‘नियमा’च्या, म्हणजे मठजीवनावरच्या त्यांच्या ग्रंथाच्या, ६३व्या प्रकरणात मठातला ज्येष्ठताक्रम दिला आहे. वय, शिक्षण, घराणं काहीही असो, जो आधी दारात आला तो ज्येष्ठ. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला हा पहिल्या तासाला आलेल्याचा धाकटा भाऊ. प्रार्थनेला उभं राहायचं ते याच क्रमाने, प्रभूचं शरीर स्वीकारायला पुढे जायचं तेही याच क्रमाने. मठाधिपतीने काही कारणाने बदल केला तरच तो बदलतो. म्हणजे तुमच्या आधी आलेला आणि तुमच्या मागून आलेला, हे दोघे तुम्ही निवडलेले नसतात आणि बहुधा मरेपर्यंत तेच तुमच्या डाव्या-उजव्या हाताला असतात. त्यांतला एक बेसूर गातो, दुसरा स्तोत्राची ओळ नेहमी अर्धा श्वास आधीच उचलतो. नवशिष्य माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येत, त्या देवाविषयीच्या क्वचितच असत, बहुतेक या शेजाऱ्याविषयीच्या असत. बेनेडिक्टीन साधना तिथेच चालू असते, असं माझं ठाम मत आहे.

आमची व्रतं ऐकली की हे स्पष्ट होतं. फ्रान्सिस्कन किंवा जेजुइट बंधू ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. आम्ही घेतो ती आज्ञापालनाची, जीवनाच्या अखंड परिवर्तनाची आणि स्थैर्याची. ब्रह्मचर्य आणि निर्धनता दुसऱ्या व्रतातच आली. स्थैर्य म्हणजे या मठात, या बंधूंसोबत, शेवटपर्यंत. बेनेडिक्ट यांनी पहिल्याच प्रकरणात मठवासीयांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतले सर्वांत वाईट कोण, तर या मठात तीन दिवस, त्या मठात चार दिवस पाहुणचार घेत आयुष्यभर भटकणारे. माणूस जागा बदलतो तेव्हा स्वतःचा स्वभावही बरोबर घेऊन जातो, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं. राहिलात, तर एक ना एक दिवस त्या स्वभावाची गाठ पडतेच.

स्थैर्याची किंमत किती असू शकते, हे अल्जीरियातल्या तिभिरीनच्या बंधूंनी दाखवलं. ते ट्रॅपिस्ट, म्हणजे वेगळ्या संघाचे, पण नियम बेनेडिक्ट यांचाच. १९९३च्या नाताळच्या आदल्या रात्री सशस्त्र माणसं मठात शिरली आणि त्यानंतर जायचं की राहायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. सुरुवातीला अनेकांचा कल निघून जाण्याकडे होता. महिनोन्‌महिने प्रार्थना, चर्चा, मतदान असं होत होत ते राहण्याच्या निर्णयावर आले, कारण आजूबाजूच्या मुस्लिम शेजाऱ्यांना सोडून जाणं त्यांना जमेना. मार्च १९९६मध्ये सात जणांचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. २०१८मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांनी हौतात्म्य शोधलं नव्हतं. ते घर सोडून गेले नाहीत, एवढंच.

बेनेडिक्ट यांच्याविषयी थोडं. जन्म साधारण ४८०चा, इटलीतल्या नुर्सिया गावचा. रोमला शिकायला गेले, तिथलं वातावरण मानवलं नाही, शिक्षण सोडलं आणि सुबियाकोच्या गुहेत तीन वर्षं एकांतात राहिले. पुढे काही मठवासीयांनी आग्रहाने त्यांना प्रमुख केलं आणि शिस्त जाचू लागल्यावर त्यांच्याच द्राक्षारसात विष कालवलं, असं त्यांचं चरित्र लिहिणारे पोप संत ग्रेगरी सांगतात. साधारण ५२९मध्ये त्यांनी मोंते कासिनो इथे मठ उभारला, ५४७च्या सुमारास तिथेच देह ठेवला. तो मठ लोंबार्डांनी उद्ध्वस्त केला, ८८३मध्ये सारासेनांनी जाळला, १३४९मध्ये भूकंपाने पाडला आणि १५ फेब्रुवारी १९४४ला बाँबहल्ल्याने. प्रत्येक वेळी पुन्हा बांधला. त्यांनी लिहिलेला नियम लहानसा आहे, ७३ प्रकरणांचा, आणि तो माणूस ओळखून लिहिलेला आहे. ४०व्या प्रकरणात ते म्हणतात की मठवासीयांनी द्राक्षारस घेऊच नये हे खरं, पण आजकाल हे त्यांना पटवता येत नाही, तेव्हा निदान बेताने घेऊ. सगळा नियम याच सुरात चालतो. ध्येय उंच ठेवायचं, पण दुबळा पळून जाईल इतकं जड काही करायचं नाही.

आता दिवसाकडे वळू. बायबलमधल्या ११९व्या स्तोत्रातलं ‘दिवसातून सात वेळा’ आणि ‘मध्यरात्री उठून’ हे शब्द घेऊन बेनेडिक्ट यांनी प्रार्थनेचे प्रहर ठरवले: पहाटेच्या अंधारात व्हिजिल्स, उजाडताना लॉड्स, दिवसभरात छोट्या प्रार्थना, संध्याकाळी व्हेस्पर्स, झोपण्यापूर्वी कम्प्लिन. १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी झालीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. बाकी क्रम कुणाला पसंत नसेल तर त्याने वेगळा लावावा, अशी मोकळीकही त्यांनी दिली. आज काही मठ हीच स्तोत्रं दोन आठवड्यांत विभागतात. वेळाही घरोघर वेगळ्या. रोजची मिस्सा, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाची उपासना, असतेच.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इतक्या प्रार्थनांमध्ये मन सतत भरून येत असेल. तसं होत नाही. बरेचदा झोप येते, लक्ष उडतं, आज संतापाचं स्तोत्र आणि मन मात्र आनंदात, किंवा याच्या उलट. याच विसंगतीतून प्रार्थना शिकता येते. माझ्या आजच्या मनःस्थितीत नसलेलं दुःख मी म्हणतो तेव्हा जगात कुणाचं तरी ते आजचं दुःख असतं आणि त्याच्या वतीने मी ते देवापुढे ठेवतो. ८८वं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही. निरोगी, आनंदी तरुणाला ते म्हणायला लावणं हेच त्याचं शिक्षण असतं.

उशिरा येणाऱ्यांसाठी बेनेडिक्ट यांनी जी तजवीज केली आहे, ती मला फार आवडते. व्हिजिल्सच्या सुरुवातीचं ९५वं स्तोत्र मुद्दाम रेंगाळत, थांबत थांबत म्हणायचं, म्हणजे उठायला उशीर झालेला भाऊ ते संपायच्या आत पोचेल. तरीही उशीर झालाच, तर त्याने बाहेर थांबू नये, आत यावं. बाहेर राहिला तर परत जाऊन झोपेल, नाहीतर गप्पा मारत बसेल. २२व्या प्रकरणातही हीच समज आहे: उठताना बंधूंनी एकमेकांना हळूच धीर द्यावा, कारण झोपाळू माणसाला सबबी सुचतात.

आणखी एक तपशील. लॉड्स आणि व्हेस्पर्सच्या शेवटी प्रमुखाने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असं नियम सांगतो आणि कारणही देतो: एकत्र राहताना भांडणांचे काटे उगवतातच. ‘जशी आम्ही क्षमा करतो तशी तू आम्हांला क्षमा कर’ हे शब्द सगळ्यांसमोर ऐकले की दोन वेळा त्या काट्यांची आठवण होते. सकाळी ज्याच्याशी वाजलं तो समोरच्या रांगेत उभा असतो आणि संध्याकाळी ती ओळ दोघांच्याही कानांवर पडते. त्यातून लगेच समेट होतो असं नाही. पण ती ओळ ऐकून अबोला पुढे रेटणं दिवसेंदिवस अवघड होत जातं.

‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे आमचं घोषवाक्य म्हणून सांगितलं जातं. नियमात ते कुठेही नाही आणि मला ते अपुरंही वाटतं, कारण त्यात तिसरी गोष्ट राहून जाते: वाचन. ४८व्या प्रकरणात बेनेडिक्ट यांनी पवित्र वाचनासाठी रोज काही तास राखून ठेवले आहेत. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांत, प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. वाचनाच्या वेळी कुणी चकाट्या पिटत तर नाही ना, हे पाहायला एकदोन वडीलधारे फिरत असत.

हे वाचन कसं करायचं ते एका उदाहरणाने सांगतो, कारण तुम्हाला उद्यापासून करता येईल अशी हीच गोष्ट आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घ्या, शेवटचा भाग. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला आहे. हळू आवाजात, ओठ हलवत वाचा. संपवायची घाई नको. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो आणखी ओरडतो. येशू थांबतो. बार्तीमय झगा टाकून उठतो. इथे थांबावंसं वाटलं तर थांबा. भिकाऱ्याचा झगा म्हणजे त्याचं अंथरूण, पांघरूण, कदाचित भीक गोळा करायचं साधनही. दृष्टी मिळण्याआधीच त्याने तो टाकला. मग येशू विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ दोनचार दिवस याच भागात राहिलात तर ध्यानात येईल की हाच प्रश्न येशूने थोडं आधी, त्याच अध्यायात, याकोब आणि योहान यांना विचारला होता. त्यांनी मानाच्या जागा मागितल्या. या माणसाने फक्त दिसू दे म्हटलं. आता पुस्तक मिटा. प्रश्न तुम्हाला विचारलेला आहे. तुमचं खरं उत्तर काय आहे, ते देवाला सांगा. ते याकोब-योहानासारखं निघालं तर तेच सांगा, सजवून सांगू नका. मग काही वेळ नुसतं बसा. अर्धा तास पुरतो. दिवसभर कामात असताना एखादा शब्द परत वर येतो, त्याला येऊ द्या.

कामाविषयी नियमाचं म्हणणं साधं आहे: स्वतःच्या हातांनी कमावून खातो तोच खरा मठवासी. कुठे शाळा चालते, कुठे शेती, कुठे छापखाना. ३१व्या प्रकरणात कोठारप्रमुखाला सांगितलं आहे की मठातली सगळी भांडी आणि वस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात. मी नवशिष्याची पारख प्रार्थनामंदिरात फारशी केली नाही. फावडं वापरून झाल्यावर तो माती धुऊन जागेवर ठेवतो की तसंच भिंतीला टेकवून जातो, ते पाहत असे. पुढच्या माणसाचा विचार हातात आला की प्रार्थनेतही येतो.

स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना. नियमाप्रमाणे आठवडा संपताना, पाळी संपलेला आणि सुरू होणारा असे दोघे मिळून सगळ्यांचे पाय धुतात. वापरलेले पंचे धुऊन, भांडी स्वच्छ करून परत द्यायची. आणि वाढप्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यावं, म्हणजे त्यांना कुरकुर न करता भावांची सेवा करता येईल. उपाशीपोटी प्रेमाने वाढणं कठीण जातं, हे बेनेडिक्ट यांना ठाऊक होतं. ‘कुरकुर’ हा दोष तर नियमात पुन्हा पुन्हा येतो. मठ मोडतो तो बहुधा मोठ्या पापाने नव्हे, रोजच्या कुरकुरीने.

मौनाबद्दल गैरसमज फार आहेत. आम्ही मौनाचं व्रत घेत नाही. कम्प्लिननंतर सकाळपर्यंत बोलायचं नाही, जेवताना एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एरवी गरजेपुरतं बोलायचं, एवढंच. यावर जास्त लिहीत नाही. चार दिवस राहिलात की आपोआप समजेल.

आज्ञापालनावर मात्र थांबायला हवं, कारण इथेच माणसं दुखावली जातात. मठाधिपती ख्रिस्ताच्या जागी आहे, असं नियम म्हणतो. पण त्याच्याच माथी सर्वांत कडक इशारेही मारतो: प्रत्येक जिवाचा हिशेब त्याला देवापुढे द्यायचा आहे. त्याची निवड बंधू करतात. महत्त्वाच्या प्रश्नावर त्याने सगळ्यांना बोलावून विचारायचं असतं, कारण अनेकदा प्रभू धाकट्यालाच अधिक चांगलं सुचवतो, असं तिसरं प्रकरण सांगतं. अशक्य वाटणारं काम मिळालं तर ते का झेपत नाही हे नम्रपणे सांगण्याचा हक्क ६८व्या प्रकरणाने दिला आहे. पापाची आज्ञा पाळायचं बंधन कुणावरही नाही. जिथे प्रमुखाला प्रश्न विचारता येत नाही, ज्येष्ठ बंधू त्याच्यासमोर दबून असतात, अशा घरात जाऊ नका, मग तिथलं स्तोत्रगायन कितीही सुंदर असो. आमचा संघ एकाच केंद्रातून चालत नाही. प्रत्येक मठ स्वायत्त असतो, मठांचे समूह असतात आणि ठरावीक काळाने बाहेरचे मठाधिपती येऊन घराची पाहणी करतात. १८९३पासून रोममध्ये एक मुख्य मठाधिपती असतो, पण तो साऱ्या मठांना हुकूम सोडणारा सर्वाधिकारी नाही.

चुकलेल्यासाठी नियमात शिक्षा आहेत, आज वाचताना त्या कठोर वाटतात. पण २७वं प्रकरण जरूर वाचा. ज्याला जेवणातून आणि प्रार्थनेतून बाजूला काढलं आहे, त्याच्याकडे मठाधिपतीने वयस्क, समंजस बंधूंना गुपचूप पाठवावं. त्यांनी त्याची समजूत काढावी, तो अति दुःखात बुडू नये म्हणून त्याला धीर द्यावा. शिक्षा करणारा आणि अश्रू पुसायला माणूस पाठवणारा एकच. बेनेडिक्टीन स्वभाव मला या एका प्रकरणात पूर्ण दिसतो.

आणि नियमापेक्षा मोठं काय, हे त्यांना त्यांच्या बहिणीने शिकवलं. स्कोलास्तिका आणि बेनेडिक्ट वर्षातून एकदा भेटत. शेवटच्या भेटीत तिने आग्रह केला की रात्रभर देवाविषयी बोलू, आज जाऊ नकोस. मठाबाहेर रात्र काढता येत नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. तिने हातांवर डोकं टेकून प्रार्थना केली आणि असा पाऊस कोसळला की त्यांना दाराबाहेर पाऊल टाकता येईना. तीन दिवसांनी ती वारली. ग्रेगरी लिहितात, तिचं प्रेम अधिक होतं म्हणून तिची शक्ती अधिक ठरली. नियमाच्या काटेकोरपणात रमणाऱ्या नवशिष्याला मी हीच गोष्ट सांगत असे.

घरी राहून हे जगता येतं का? हो, आणि त्यासाठी रीतसर मार्ग आहे. ओब्लेट म्हणून विवाहित वा अविवाहित व्यक्ती एका विशिष्ट मठाशी स्वतःला जोडून घेते, साधारण वर्षभराच्या तयारीनंतर आपल्या परिस्थितीत नियमाप्रमाणे जगण्याचं वचन देते. अमेरिकेत गरिबांसोबत राहणाऱ्या डोरोथी डे अशाच बेनेडिक्टीन ओब्लेट होत्या. सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं, पवित्र वाचन, आलेल्याला ख्रिस्त समजून दार उघडणं आणि आपल्या घरातल्या, आपण न निवडलेल्या माणसांसोबत टिकून राहणं, एवढं पुरेसं काम आहे. ही दुय्यम वाट आहे असं मानू नका. ज्यांची ओढ मठात येऊन शमली नाही आणि ओब्लेट झाल्यावर शमली, अशी माणसं मी पाहिली आहेत.

मठातच यायचं असेल तर नियमाचं ५८वं प्रकरण आधी वाचा. आलेल्याला सहज आत घेऊ नये, चारपाच दिवस दारात टिकतो का ते पाहावं, वर्षभरात तीनदा सगळा नियम वाचून दाखवावा आणि दर वेळी सांगावं, पाळता येत असेल तर ये, नाहीतर मोकळ्या मनाने जा. व्रतग्रहणाच्या दिवशी तो स्वतःच्या हाताने वचनपत्र लिहून वेदीवर ठेवतो आणि ११९व्या स्तोत्रातली ओळ तीनदा म्हणतो: तुझ्या वचनाप्रमाणे मला स्वीकार, म्हणजे मी जगेन, माझ्या आशेविषयी मला लज्जित होऊ देऊ नकोस. सगळे बंधू ती त्याच्यामागून म्हणतात. त्याचे जुने कपडे फेकून द्यायचे नाहीत, नीट सांभाळून ठेवायचे. पुढेमागे तो निघालाच, तर उघड्याने जायला नको. आज हा प्रवास लांबला आहे: काही महिने उमेदवारी, किमान एक वर्ष नवशिष्यपण, किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि मगच अखेरची.

तुम्ही आत्ता काय कराल? एखाद्या मठात पाहुणे म्हणून आठवडाभर राहा. सगळ्या प्रार्थनांना जा, आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूला बागेत किंवा स्वयंपाकघरात काम मागा. जेवणानंतर ते एकमेकांशी कसे बोलतात, आजारी आणि म्हाताऱ्या बंधूंची काळजी कशी घेतात, ते बघा. आजाऱ्यांची सेवा सगळ्यात आधी, असं ३६वं प्रकरण सांगतं, आणि घराची खरी प्रकृती तिथेच कळते. निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. काही महिन्यांनी वेगळ्या ऋतूत, शक्यतो उपवासकाळात, परत जा. पुढचं बोलणं सुरू झालं की बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले लागतील. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असेल तर ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे प्रवेश देता येत नाही, तेव्हा ते आधी निस्तरा. आईवडील तुमच्या कमाईवर अवलंबून असतील तर तेही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, त्यांची सोय होईपर्यंत मठ थांबायला तयार असतो.